हरणाच्या शिकारीसाठी कमी धक्क्याची रायफल कशी निवडावी

भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीवर बंदी आहे. हा लेख अमेरिकेत राहणाऱ्या आणि तिथल्या व्हाइटटेल हरणाच्या हंगामासाठी पहिली रायफल घेऊ पाहणाऱ्या मंडळींसाठी आहे. दुकानात गेलं की '.३०-०६ घ्या, सगळ्याला चालते' हा सल्ला हमखास मिळतो. .३०-०६ हे काडतुसाचं आणि ते वापरणाऱ्या रायफलचं नाव. ती चालते हे खरं, पण हरणाला एवढ्या ताकदीची गरज नसते. शिवाय नवख्या खांद्याला तिचा धक्का बसला की मेंदू पुढच्या वेळी चाप ओढायच्या आधीच डोळे मिटायला लावतो. जखमी होऊन पळालेली कितीतरी हरणं या दचकण्याची शिकार असतात. म्हणून निवड धक्क्यापासून सुरू करा.

पायरी १ : आधी कागदपत्रं

एच-१बी, एफ-१ अशा नॉन-इमिग्रंट व्हिसावर असणाऱ्यांना अमेरिकेच्या केंद्रीय कायद्याने बंदूक आणि काडतुसं बाळगायला मनाई आहे. एखाद्या राज्याचा चालू शिकार परवाना जवळ असेल तर त्यातून सूट मिळते. त्यामुळे क्रम असा : हंटर एज्युकेशनचा कोर्स, मग परवाना, मग दुकान. परवान्याची मुदत संपली की सूटही संपते. मित्राची रायफल हातात घेतानाही हे लक्षात ठेवा. ग्रीन कार्डधारकांना ही अट नाही, पण राज्याचे नियम सर्वांनाच लागू असतात.

त्याच बैठकीत राज्याचं शिकार नियमांचं पुस्तक उघडा, कारण कॅलिबरचा अर्धा निर्णय तिथेच होतो. कोलोराडोत हरणासाठी किमान .२४ कॅलिबर (म्हणजे ०.२४ इंच व्यासाची गोळी) आणि किमान ७० ग्रेनची (ग्रेन हे वजनाचं एकक, ७००० ग्रेन म्हणजे एक पाउंड), लागल्यावर पसरणारी गोळी लागते. व्हर्जिनियात किमान .२३ कॅलिबर लागतं. ओहायोत काडतुसाचं कवच मानेशी निमुळतं न होणारं, सरळ नळकांड्यासारखं असावं लागतं. कॅलिफोर्नियात १ जुलै २०१९ पासून शिकारीत शिशाच्या गोळ्या चालत नाहीत.

पायरी २ : धक्क्याचा आकडा काढा

धक्का चार गोष्टींवर ठरतो : गोळीचं वजन, तिचा वेग, काडतुसातल्या बंदुकीच्या दारूचं वजन आणि रायफलचं वजन. हिशेब घरी करता येतो. गोळीचे ग्रेन गुणिले वेग (फूट प्रतिसेकंद), अधिक दारूचे ग्रेन गुणिले ४०००. या बेरजेला ७००० ने भागा, मग रायफलच्या पाउंडांनी भागा. आला तो रायफल मागे येण्याचा वेग. त्याचा वर्ग गुणिले रायफलचं वजन, भागिले ६४.४, की उत्तर फूट-पाउंडांत (ऊर्जेच्या एककात) मिळतं.

दुर्बिणीसकट ८ पाउंडांची रायफल धरली तर साधारण असे आकडे येतात :

- .३५० लेजंड, १५० ग्रेन : ८
- .२४३ विंचेस्टर, १०० ग्रेन : ८.५
- ६.५ क्रीडमूर, १४० ग्रेन : १२
- ७ मिमी-०८ रेमिंग्टन, १४० ग्रेन : १३
- .३०८ विंचेस्टर, १५० ग्रेन : १४.५
- .३०-०६, १८० ग्रेन : २०
- .३०० विंचेस्टर मॅग्नम, १८० ग्रेन : २६ ते २७

नवख्याने १३ च्या आत राहावं. सवय झालेल्यांनाही १५ च्या वर जायचं कारण व्हाइटटेलच्या शिकारीत क्वचितच असतं.

इथे एक सापळा आहे. 'माउंटन' म्हणून विकल्या जाणाऱ्या हलक्या रायफली खांद्यावर वाहायला छान वाटतात. पण तीच .२४३ दुर्बिणीसह ६ पाउंडांची घेतली की धक्का ८.५ वरून ११.५ च्या आसपास जातो. सडपातळ बांध्याच्या माणसाला हलकी रायफल देणं म्हणजे नेमकं उलटं औषध.

पायरी ३ : कॅलिबर ठरवा

बहुतेकांसाठी उत्तर ७ मिमी-०८ किंवा ६.५ क्रीडमूर. दोन्ही ३०० यार्डांपर्यंत हरणाला पुरून उरतात आणि गोळी थोडी तिरकी लागली तरी आत खोलवर जाते. काडतुसं सहज मिळणं हा क्रीडमूरचा मोठा फायदा आहे.

.२४३ चा धक्का सर्वात सुसह्य कॅलिबरांत मोडतो आणि १९५५ पासून तिने असंख्य हरणं पाडली आहेत, पण ती गोळीच्या बाबतीत चूक खपवून घेत नाही. .३५० लेजंड ही ओहायोसारख्या राज्यांसाठीची निवड. दीडशे यार्डांपुढे तिचा जोर झपाट्याने ओसरतो. जुन्या लिव्हर-ॲक्शन (चापाखालची दांडी ओढून काडतूस चढवायच्या) .३०-३० चाही हाच पल्ला समजा.

.२२ रिमफायर ही नगण्य धक्क्याची छोटी रायफल चाप ओढण्याच्या सरावासाठी जरूर घ्या. हरणासाठी मात्र नाही.

पायरी ४ : गोळी निवडा

.२४३ च्या शेल्फवर ५५ ते ७५ ग्रेनच्या बऱ्याच गोळ्या कायोटीसारख्या लहान प्राण्यांसाठी बनवलेल्या असतात. त्या हरणाच्या खांद्यावर वरच्यावर फुटतात आणि फुप्फुसांपर्यंत पोचतच नाहीत. या कॅलिबरमध्ये ९० ते १०० ग्रेनची सॉफ्ट पॉइंट (टोकाला उघडं मऊ शिसं असलेली) किंवा बाँडेड (शिसं आवरणाला घट्ट जोडलेली) गोळी घ्या. पूर्ण तांब्याची असेल तर ८० ते ८५ ग्रेन पुरतात, कारण तांब्याच्या गोळीचे तुकडे होत नाहीत आणि वजन टिकून राहतं. मात्र तिला पसरायला वेग लागतो, त्यामुळे लांबच्या नेमासाठी ती घेऊ नका. फुल मेटल जॅकेट (टोकासह धातूच्या आवरणाने झाकलेली) गोळी फारशी पसरत नाही, अरुंद भोक पाडून आरपार जाते. खोक्यावर 'डीअर' लिहिलेलं आहे का, एवढं पाहिलं तरी निम्मा घोटाळा टळतो.

पायरी ५ : दस्ता अंगाला बसवा

रायफल रिकामी असल्याची खात्री करा. कोपर काटकोनात वाकवून दस्त्याचं टोक कोपराच्या खोबणीत टेकवा. तर्जनीचं पहिलं पेर चापावर आरामात पोचलं पाहिजे. बाजारातला दस्ता साधारण १३.५ इंचांचा असतो. ठेंगण्या व्यक्तीला तो लांब पडतो, मग दस्ता खांद्याच्या खोबणीत न बसता दंडावर बसतो आणि १० फूट-पाउंडही २० सारखे लागतात. हे माप हंगामात घालायचं जाड जाकीट चढवूनच घ्या. मागचा रबरी पॅड कडक असेल तर बदला, पैसे वसूल होतात.

डोळा आणि दुर्बीण यांत साडेतीन इंच अंतर ठेवा, नाहीतर भुवई फुटते. मझल ब्रेकने (नळीच्या तोंडाला लावायचा, वायू बाजूला सोडणारा भाग) धक्का घटतो, पण आवाजाचा फटका इतका वाढतो की माणूस त्यानेच दचकू लागतो. पहिल्या रायफलवर तो नको.

पायरी ६ : दचकणं पकडा

विकत घेण्याआधी भाड्याने किंवा मागून आणून तपासता आली तर उत्तम. रेंजवर दोन्ही कानांचं संरक्षण चढवा. जोडीदाराला मॅगझिनमध्ये खरी काडतुसं आणि स्नॅप कॅप (दारू नसलेली नकली काडतुसं) मिसळून भरायला सांगा, क्रम तुम्हाला कळता कामा नये. स्नॅप कॅपवर चाप ओढल्यावर नळीचं टोक खाली बुडालं, तर रायफल तुमच्यासाठी जास्त आहे किंवा दस्ता चुकला आहे. बैठकीत १५-२० गोळ्यांच्या वर जाऊ नका. टेबलावर बसून मारताना शरीर मागे झुलत नाही, म्हणून धक्का उभ्यापेक्षा जास्त लागतो. नेम बसवण्यापुरतंच टेबल वापरा.

मग ८ इंची कागदी ताटली लावा. हरणाच्या हृदय-फुप्फुसांचा भाग साधारण तेवढाच असतो. गुडघ्यावर किंवा काठ्यांच्या टेकूवर बसून ५ गोळ्या मारा, आधी ५० यार्डांवरून, मग १०० वरून, मग १५० वरून. पाचही ताटलीत पडतात ते शेवटचं अंतर ही तुमची त्या हंगामाची हद्द. सरावात वापरलेलीच गोळी, त्याच वजनाची, शिकारीला न्या. खोकं बदललं तर नेम पुन्हा तपासा.