ओट्याला एक, भिंतीला दुसरं मटेरियल लावताय? मग या चुका टाळा

आपल्या नाशकात पाथर्डी फाटा म्हणा, इंदिरानगर म्हणा, नवीन फ्लॅटमध्ये बिल्डरने दिलेला काळा ग्रॅनाईटचा ओटा आणि वर दोन फूट डॅडो, म्हणजे ओट्यामागच्या भिंतीवरच्या टाइल्स, हे ठरलेलंच असतं, आणि पझेशन मिळालं रे मिळालं की लोक ते बदलायला निघतात. क्वार्ट्झचा ओटा, मागे मार्बल, कोपऱ्यात लाकडी काउंटर. करा की, मस्तच दिसतं. फक्त एक लक्षात घ्या, बिघडतं ते दोन मटेरियल जिथे एकमेकांना टेकतात तिथे, आणि दुकानात त्या जोडाबद्दल कोणी अवाक्षर काढत नाही, तास-तासभर चर्चा फक्त कलरची.

गॅसजवळ काय येणार ते आधी ठरवा

क्वार्ट्झ म्हणजे अखंड दगड नाही, 90 टक्क्यांच्या आसपास दगडाचा चुरा आणि बाकी रेझिन, म्हणजे तो चुरा धरून ठेवणारं प्लास्टिकसारखं द्रव्य. ते रेझिन साधारण 150 डिग्रीच्या पुढे खराब व्हायला लागतं, आणि आपल्याकडे पुऱ्या तळून झाल्या की कढई उचलून सरळ ओट्यावरच ठेवतात, ती 180च्या घरात असते. पिवळट गोल डाग पडतो, तो जात नाही, कधीकधी तर तडाच जातो. तेव्हा दोन मटेरियल घ्यायचीच असतील तर गॅसच्या पट्ट्यात ग्रॅनाईट आणि मळायच्या-चिरायच्या बाजूला क्वार्ट्झ, असं सरळ वाटप करा. भिंतीचंही तेच. पीव्हीसीचे मार्बलसारखे दिसणारे पॅनल स्वस्त पडतात म्हणून गॅसच्या मागे लावू नका, ते उष्णतेने फुगतात.

लिंबू-चिंचेचा हिशोब

मार्बलवर आंबट सांडलं की पॉलिश खाल्लं जातं हे बऱ्याच जणांना माहीत असतं, पण कडप्पासुद्धा चुनखडीचाच दगड आहे हे कोणी सांगत नाही. पंचवटीतल्या जुन्या घरांत कडप्प्याचे ओटे असतात, त्यावर लिंबाच्या फोडी ठेवायच्या जागी पांढुरके ठिपके दिसतील. ते डाग नव्हेत, दगड झिजलाय, त्यामुळे घासून काही उपयोग नाही, पॉलिशवाल्यालाच बोलवावं लागतं. मार्बल हवंच असेल तर भिंतीवर लावा, तेही गॅसपासून लांब आणि सीलर (डाग आत मुरू नयेत म्हणूनचा थर) मारून. आणि फिकट मार्बल बसवताना पांढरंच अ‍ॅडहेसिव्ह वापरायला लावा, करड्या सिमेंटची सावली वर दिसते आणि मग अख्खी भिंत मळकट वाटते.

जोड

सगळ्यात जास्त गोंधळ इथेच. ग्रॅनाईट बऱ्याचदा 18-20 मिमी असतो, क्वार्ट्झ 15चाही मिळतो. मिस्त्रीला आधी सांगितलं नाही तर शेजारी-शेजारी बसवल्यावर पायरी तयार होते आणि कणकेचे हात पुसताना दर वेळी फडकं तिथे अडकतं, त्यात पीठ, मग मुंग्या. लेव्हल खालून करून घ्या, वरून घासून नाही. जोड सिंकवर किंवा शेगडीच्या कटआउटवर (दगडात कापलेल्या भोकावर) येऊ देऊ नका, तिथे दगड आधीच अरुंद असतो. कटआउटचे कोपरेही काटकोनात नकोत, गोल हवेत, कारण तडा कोपऱ्यातूनच सुरू होतो.

क्रमसुद्धा महत्त्वाचा. आधी ओटा, मग डॅडो, म्हणजे टाइल ओट्यावर उतरते आणि पाणी पुढेच ओघळतं. उलटं केलंत तर पाणी मागच्या फटीतून थेट खालच्या कपाटात, आणि प्लायवूड फुगलं की मॉड्युलरवाला मिस्त्रीकडे बोट दाखवतो, मिस्त्री मॉड्युलरवाल्याकडे. ओटा आणि भिंत जिथे मिळतात तिथे ग्राउट (टाइलमधल्या फटीत भरतात ते मिश्रण) भरू नका, दोन्ही थोडंफार हलतं आणि ग्राउटला केसासारख्या चिरा पडतात. तिथे सिलिकॉनच.

लाकडी काउंटर दगडाला घट्ट भिडवू नका, आपल्याकडे जुलै-ऑगस्टमध्ये लाकूड फुगतंच. थोडी फट ठेवून ती सिलिकॉनने भरा, आणि सिंकपासून लाकूड लांबच बरं.

काच लावणार असाल तर स्विचबोर्डची भोकं आधी मोजून द्या. टफन्ड काच एकदा तयार झाली की तिला भोक पाडता येत नाही, प्रयत्न केला की चुरा. तसंच जुन्या टाइलवर नवी टाइल चढवली की स्विचबोर्ड आत जातात, ते पुढे घ्यायला इलेक्ट्रिशियन त्याच दिवशी हवा.

रंगाचं एवढंच, नमुना घरी आणून तुमच्या ट्यूबलाइटखाली बघा, आणि ओट्यावर रेघा असतील तर भिंत शांत ठेवा. दोन्हीकडे डिझाइन म्हणजे डोक्याला ताप.

आधीच बिघडलंय?

टाइलमधल्या रेघा हळदीने पिवळ्या पडल्या असतील तर वरचं ग्राउट खरवडून इपॉक्सी ग्राउट भरा, पण टाइलवर सांडलेलं इपॉक्सी तेव्हाच्या तेव्हा पुसून घ्या, वाळलं की निघता निघत नाही. बोअरच्या पाण्याचे पांढरे थर सिरॅमिक टाइलवर असतील तर व्हिनेगर चालतं, पण ते ओघळून खालच्या मार्बल-कडप्प्यावर गेलं तर नवीन काम काढलंत म्हणून समजा, खाली आधी प्लास्टिक अंथरा.

मागची फट काळी पडली असेल तर त्यावरच नवीन सिलिकॉन मारू नका, बुरशी आतून परत येते. जुनं कटरने पूर्ण काढा, फट कोरडी होऊ द्या, पावसाळ्यात याला दोन दिवसही लागतात, मग बुरशीरोधक सिलिकॉन भरा आणि 24 तास पाणी लागू देऊ नका. तेवढा एक दिवस मिसळीवर काढा.