क्रोम कव्हरची खडखड अशी थांबली
बुलेटच्या साइड पॅनलवर क्रोमची कव्हरं बसवली आणि गाडी काय उठून दिसायला लागली! पण ठाण्यातल्या घोडबंदर रोडच्या खड्ड्यांत डावं कव्हर खडखडू लागलं. काढून पाहिलं तर आतला डबल टेप कोपऱ्यात सुटलेला, त्यावर मातीची बारीक रेघ. पॅनलवर पॉलिशचा तेलकट थर होता. त्यावर कुठलाच टेप धरत नाही. आयसोप्रोपिल अल्कोहोलने दोन्ही बाजू पुसून सुकू दिल्या, नवा फोमचा टेप लावून घट्ट दाबलं आणि रात्रभर गाडी हलवली नाही. आवाज गेला. खालची कड मात्र मुद्दाम मोकळी ठेवली, पावसाचं पाणी निघून जायला हवं. आपल्याकडे खाडीची दमट हवा, ओल कोंडली की धातूला आतून गंज धरतो. आणि इंजिनच्या फिन्स, म्हणजे बाहेरच्या पातळ धातूच्या पट्ट्या, कधीच झाकू नका, एअर-कूल्ड इंजिनाला वारा लागलाच पाहिजे.