आजोबांचे पलटणीचे बिल्ले घासू नका

कोकणातून, साताऱ्याकडून ठाण्यात आलेल्या कितीतरी घरांत माळ्यावर एक लोखंडी ट्रंक असते, आणि तिच्या तळाशी खांद्यावरचे पितळी बिल्ले. ते काळे दिसले की हात पितांबरीकडे जातो. ती समईला लावा, बिल्ल्याला नको. चिंचही नको. घासून अक्षरं बोथट झाली की बिल्ल्याची ओळखच जाते.

आधी आकडा वाचा. मराठ्यांच्या नावाबरोबर १०३, १०५, ११०, ११४, ११६ किंवा ११७ असेल, तर बिल्ला १९०३ ते १९२२ या काळातल्या पलटणीचा. १९२२ साली या सगळ्या पलटणी एकाच रेजिमेंटमध्ये आल्या आणि तिचा क्रमांक झाला ५. आमच्या कोपरीच्या घरात पणजोबांचा ११७चा आहे. ही पलटण पहिल्या महायुद्धात, आजच्या इराकमधल्या कुत-अल-अमाराच्या वेढ्यात होती. उपासमार सोसून तिथल्या फौजेने २९ एप्रिल १९१६ला शरणागती पत्करली. तो बिल्ला तळहातावर घेतला की माझ्याच्याने पटकन खाली ठेववत नाही.

हुद्द्याच्या बिल्ल्यावर मुकुट असेल तर तो प्रजासत्ताकाच्या आधीचा. १९५० पासून तिथे अशोकस्तंभाचे सिंह आले.

मग बिल्ला उलटा करा. मागच्या कड्यांचा डाख, म्हणजे धातूचा जोड, बघा. पुढची बाजू झिजलेली आणि डाख मात्र चकचकीत असेल, तर कडी नंतर बसवलेली आहे. खऱ्या वापरात उंच कडा गुळगुळीत होतात, खाचांत मळ राहतो. बाजारातल्या बिल्ल्यावर सगळीकडे सारखाच काळेपणा दिसला तर तो नकली समजून मी विकत घेत नाही.

जरीच्या झालरीचं एपोलेट, म्हणजे गणवेशाच्या खांद्यावरचं शोभेचं पदक, सापडलं तर जरा थांबा. ब्रिटिश लष्कराने ते १८५५मध्येच बंद केलं, म्हणून नंतरच्या काळातलं असेल तर आरमार, संस्थान किंवा बँड असा शोध घ्या. ते धुऊ नका, मऊ ब्रशने फक्त धूळ झटका.

आपल्याकडे खाडीची दमट हवा, त्यात पावसाळा. पितळेवर हिरवी भुकटी आली तर बांबूच्या काडीने अलगद काढा. मग धुतलेल्या पांढऱ्या सुती कापडात गुंडाळून, सिलिका जेलच्या पुड्या घालून घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. रबरबँड लावू नका, वर्तमानपत्रात गुंडाळू नका. पुड्या पावसाळ्यात बदलत राहा.

शंभर वर्षांहून जुना ऐतिहासिक बिल्ला १९७२च्या पुरावस्तू कायद्यात येऊ शकतो, तेव्हा परदेशातल्या नातेवाइकांना पाठवण्याआधी चौकशी करा. डब्यात एक चिठ्ठी टाका: नाव, गाव, पलटण, आणि हे कुणी सांगितलं. घरातली म्हातारी माणसं आहेत तोवर विचारून घ्या.