ऑगस्टअखेर ताश्कंद: समरकंदला पळायच्या आधी दोन दिवस

बरेच जण उझबेकिस्तानात ताश्कंदला रात्री उतरतात आणि सकाळी अफ्रोसियोब ट्रेन पकडून थेट समरकंद गाठतात. ऑगस्टचा शेवट किंवा सप्टेंबरची सुरुवात असेल तर असं करू नका, दोन दिवस इथे काढा, कारण या दिवसांत बाजारात जी फळं येतात ती बघायला (आणि खायला) परत यावं लागेल.

आधी किरकोळ कामं. भारतीयांना ई-व्हिसा मिळतो, सरकारी साइटवरून स्वतःच भरा, एजंटची गरज नाही. दिल्लीहून थेट फ्लाइट तीनेक तासांची. घड्याळ आपल्यापेक्षा अर्धा तास मागे. एक डॉलर म्हणजे बारा हजारांच्या पुढेमागे सोम, म्हणजे शंभर डॉलर मोडले की आपण डायरेक्ट लखपती, मग पहिल्या दिवशी शून्यं मोजण्यातच वेळ जातो. विमानतळाबाहेर टॅक्सीवाले अंगावर येतात, त्यांच्याकडे न बघता सिम घ्या आणि यांडेक्स गो या टॅक्सी ॲपवर गाडी बोलवा. फक्त नंबर नीट बघा, तिथे निम्म्या गाड्या पांढऱ्या शेव्हरोलेट, मी दुसऱ्याच्याच गाडीत बॅग टाकून बसले होते.

आता उन्हाचं. जूनच्या शेवटापासून ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यापर्यंतचे ४० दिवस तिथे भाजून काढणारे, त्याला ते चिल्ला म्हणतात. तो संपलेला असतो, तरी दुपारी ३२-३५ डिग्री असतंच, पण आपल्यासारखी चिकचिक नाही, हवा एकदम कोरडी, घाम आलाय हे कळत पण नाही आणि ओठ मात्र फुटतात. व्हॅसलीन आणि पाण्याची बाटली बॅगेत हवीच, रात्रीसाठी पातळ जॅकेट. दिवसाचं गणित सोपं ठेवा: सकाळ बाजारात, दुपार मेट्रोत, संध्याकाळ बाहेर.

सकाळी आठ-साडेआठला चोरसू बाजार, निळ्या घुमटाचा. घुमटाखाली मटण, चीज, लोणची वगैरे, फळं भाज्या बाहेरच्या बाजूला. द्राक्षं, अंजीर, पीच, आणि टरबूज-खरबुजांचे ढीग. कलिंगडाला तिथे तारवूझ म्हणतात, आपलं टरबूजच. खरबूज म्हणजे कोवून, त्यातलं लांबुळकं टॉर्पेडो मागा. विक्रेता सुरीने काप काढून आधी चाखायला देतो, वास बघा, देठाकडे गोड वास आला की घ्या. एकट्याने अख्खं घेऊ नका, चार-पाच किलोचं धूड असतं, आम्ही दोघींनी घेतलं आणि हॉटेलच्या रिसेप्शनवाल्यांना वाटत बसलो.

शब्द अर्धे ओळखीचे लागतात पण फसवतात. सब्झी म्हणजे भाजी नाही, गाजर! पियोझ म्हणजे कांदा, अनोर म्हणजे डाळिंब. आणि शाकाहारी लोकांनी एकच शब्द पाठ करा, गोश्तसिझ, म्हणजे मटण नको. मी 'गोष्ट'सारखं म्हणत होते तरी कळत होतं. एवढं सांगूनही दोन ठिकाणी सावध राहा: प्लोवमधून (त्यांचा मटणाचा पुलाव) मटणाचे तुकडे काढून तो व्हेज होत नाही, भात त्याच चरबीत शिजलेला असतो, आणि भोपळ्याच्या सोमसामध्येही (तंदुरात भाजलेला समोसा) बऱ्याचदा चरबी घालतात, विचारून घ्या. माझ्या शाकाहारी आईने मग नोन (तंदुरातली गोल रोटी), टोमॅटो-कांद्याचं सॅलड अच्चिक-चुचुक, दही आणि फळांवर दोन दिवस मजेत काढले. नोन ताटाशेजारी उलटी ठेवू नका, ते अपमानाचं समजतात.

मांसाहारी असाल तर प्लोव सकाळी अकरा ते एकच्या आत खा. मोठ्या कढईत एकदाच शिजतो, संपला की संपला. आम्ही अडीचला पोचलो, तळाला गाजराचे चार तुकडे आणि कामगार कढई घासतोय.

दुपारी चोरसूवरूनच मेट्रोत शिरा. १९७७ ला सुरू झालेली, मध्य आशियातली पहिली. पूर्वी फोटो काढायला बंदी होती, २०१८ ला उठली. चोरसूहून तिसऱ्या, 'उझबेकिस्तान' नावाच्या स्टेशनला उतरू नका, दुसरं अलिशेर नवोई, तिथे उतरा, निळे नक्षीदार घुमट बघा, पुढच्या गाडीने दोन स्टेशनं, कोस्मोनावतलार. तिथे निळ्याकडून काळ्याकडे जाणाऱ्या भिंतींवर गागारिन, तेरेश्कोवा हे सोव्हिएत अंतराळवीर, शिवाय जुना खगोलशास्त्रज्ञ राजा उलुगबेगही. तिकीट स्वस्त, आणि बाहेरच्या उन्हापेक्षा हे केव्हाही बरं.

संध्याकाळी टॅक्सी करून शास्त्रीजींच्या पुतळ्याकडे जा, रस्त्याला पण त्यांचंच नाव आहे. १० जानेवारी १९६६ ला करार आणि त्याच रात्री ते गेले. त्याच वर्षी एप्रिलमध्ये भूकंपाने जुनं शहर बरंचसं पडलं, म्हणून मधलं शहर असं रुंद रस्त्यांचं, सोव्हिएत साच्याचं दिसतं.

१ सप्टेंबर त्यांचा स्वातंत्र्यदिन, सुट्टी असते, पैसे आदल्या दिवशीच मोडून ठेवा. आणि चहाखान्यात पियोला (चहाचा बिनकानाचा वाडगा) अर्धाच भरून दिला तर रागावू नका, अर्धा म्हणजे 'बसा अजून, परत ओततो'.