पोसायडनवर लिहिताय? मग या चुका टाळा

पोसायडन म्हणजे ग्रीक पुराणकथांमधला समुद्राचा देव. दाढी, त्रिशूळ, लाटा आणि खाली "ग्रीकांचा वरुणदेव" अशी कॅप्शन, झाली पोस्ट तयार! दोन रील्स बघून लिहायला बसलं की असंच होणार. वेदांमधला वरुण ऋताचा, म्हणजे विश्वाच्या नियमांचा राखणदार, माणसांची पापं बघून पाश टाकणारा. पोसायडनला कुणाच्या पापपुण्याशी फारसं घेणंदेणं नाही, त्याला स्वतःचा मान हवा. तुलना जरूर करा, पण चार ओळी खर्च करून करा.

माझ्या सगळ्यात डोक्यात जाते ती चूक म्हणजे त्याला नुसतं पाण्यात बसवून ठेवणं. अहो, तो भूकंपाचा देव आहे, प्राचीन ग्रीक कवी होमर त्याला सारखा 'धरणी हलवणारा' म्हणतो, आणि घोडेसुद्धा त्याच्याच खात्यात येतात. इ.स.पू. 373 च्या हिवाळ्यात हेलिके हे ग्रीक शहर भूकंप आणि मागून आलेल्या लाटेत एका रात्रीत गेलं, तिथे पोसायडनचंच मोठं देवस्थान होतं, त्यामुळे देव कोपला असंच लोकांनी धरलं. त्यानंतरही कितीतरी वर्षं तिथले नावाडी सांगायचे की पाण्याखाली त्याचा ब्राँझचा पुतळा अजून उभा आहे आणि कोळ्यांची जाळी त्यात अडकतात. म्हणून मी नोट्स काढताना आधी भूकंप, मग घोडे आणि शेवटी समुद्र लिहितो, क्रम उलटा केला की समुद्रातच अडकायला होतं.

दुसरी चूक फोटोची. ग्रीसमध्ये आर्टेमिसियनजवळ समुद्रात 1926 आणि 1928 मध्ये सापडलेला, 2.09 मीटर उंचीचा ब्राँझचा पुतळा अथेन्सच्या म्युझियममध्ये आहे. हात फेकायच्या पोझमध्ये, पण हातातलं शस्त्र गायब! तो पोसायडन की त्याचा भाऊ, देवांचा राजा झ्यूस हा जुना वाद, आणि बरेच अभ्यासक झ्यूस म्हणतात. एका कॉलेजच्या फेस्टच्या फ्लेक्ससाठी डिझायनरने त्याच्या हातात फोटोशॉपने लांब त्रिशूळ दिला, मी नको म्हणत होतो पण "सर, कोण बघतंय" असं उत्तर आलं. फ्लेक्स लागला तर त्रिशूळ बरोब्बर तोंडावरून आडवा गेलेला, डोळे गायब. गंमत म्हणजे झ्यूसच्या बाजूने हाच मुद्दा मांडतात की त्रिशूळ असता तर चेहरा झाकला गेला असता! डिझायनरने फुकटात पुरावा दिला. मी फोटो टाकायच्या आधी म्युझियमचं लेबल वाचतो, पिंटरेस्टचं नाही.

बाकी पटापट. क्राकेन हा समुद्री राक्षस ग्रीक नाही, तो नॉर्वेकडचा. अटलांटिस हे बुडालेलं बेट तत्त्वज्ञ प्लेटोचं आहे, होमरमध्ये शोधू नका. समुद्र पोसायडनला झ्यूसने दिला नाही, तिघा भावांनी चिठ्ठ्या टाकल्या होत्या. होमरच्या 'ओडिसी'चा नायक ओडिसियस, त्याच्यावर पोसायडन उगाच चिडलेला नाही, पोसायडनच्या एकडोळ्या राक्षस पोराचा एकुलता एक डोळा फोडलाय ओडिसियसने.

आणि ट्रॉयच्या युद्धात तो ग्रीकांकडून होता तो "आपला देव" म्हणून नव्हे. ट्रॉयच्या लाओमेदोन राजाने पूर्वी त्याच्याकडून ट्रॉयची तटबंदी बांधून घेतली आणि मजुरी बुडवली, तो राग होता.