पहिल्या ए.ए. मीटिंगला निघण्याआधी

मीटिंगला जायचं ठरवलंत ना? मग पहिलं काम ग्रुपला फोन. शर्ट बदलण्याआधी, घरी सांगण्याआधी, रिक्षाला हात करण्याआधी. अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस म्हणजेच ए.ए., दारू सोडू पाहणाऱ्यांनी एकमेकांना आधार द्यायची संघटना. तिच्या भारतातल्या वेबसाईटवर ग्रुपची यादी असते, तीत वार, वेळ, पत्ता सगळं दिलेलं असतं. तेवढ्यावर विसंबून निघू नका. मी निघालो होतो.

मंगळवार होता, साडेसातची वेळ, महापालिकेची शाळा. सकाळपासून घेतली नव्हती. बसमध्ये एका हाताने दांडी धरलेली आणि ती दांडीच थरथरतेय असं वाटत होतं. पोचलो तर गेटला साखळी, साखळीला कुलूप. वॉचमन आतूनच म्हणाला, "निवडणुकीसाठी वर्ग घेतलेत साहेब, या आठवड्यात कोणी येत नाही." ग्रुप त्या आठवड्यापुरता दोन गल्ल्या सोडून एका चर्चच्या हॉलमध्ये भरत होता. हे मला सात महिन्यांनी कळलं. शाळेसमोर परमिट रूम होती आणि ती उघडी होती.

ग्रुपच्या मालकीच्या जागा सहसा नसतात. शाळेचा वर्ग, चर्चचा हॉल, दवाखान्यातली एखादी खोली, असं कुणाकडून तरी मिळालेलं असतं. परीक्षा आल्या, दिवाळीची सुट्टी लागली, मतदान आलं की जागा जाते आणि मीटिंग दुसरीकडे भरते. हे ग्रुपमधल्यांना तोंडी माहीत असतं, यादीला माहीत नसतं. दारावर मोठी पाटीही बहुधा दिसत नाही, कारण येणाऱ्याचं नाव-गाव झाकलेलं राहावं हीच इथली रीत. म्हणून फोनवर तीन गोष्टी विचारा. आज मीटिंग नक्की आहे का? आत यायचं कुठल्या दारानं? आणि खाली गेटवर कोणी उभं राहील का? तिसरा प्रश्न गिळू नका. गेटवर आपली वाट बघणारा माणूस असला की पाय मागे वळत नाहीत.

फोनवर काय बोलायचं याची धास्ती वाटते, मलाही वाटली, म्हणून तर केला नव्हता. "मला दारू सोडायची आहे, आज मीटिंग आहे का?" एवढंच म्हणा. खरं नाव सांगावं लागत नाही. पलीकडचा माणूस स्वतः पिणारा होता, तो काही उपदेश करायला बसलेला नाही. कुणी उचलला नाही तर दुसऱ्या नंबरवर करा, तिसऱ्यावर करा. ए.ए.ची सुरुवातच अशा फोनातून झाली. 1935 च्या मे महिन्यात ए.ए.चा एक संस्थापक बिल डब्ल्यू. अमेरिकेतल्या ॲक्रन गावी एका हॉटेलच्या लॉबीत उभा होता. धंद्याचं काम फसलेलं, दारू सोडून जेमतेम पाच महिने झालेले, एका बाजूला बार गजबजलेला. तो फोनकडे गेला, चर्चच्या यादीतून एका पाद्र्याला फोन लावला आणि मिळालेल्या नावांवर एकेक फोन करत राहिला. त्यातूनच दुसऱ्या दिवशी त्याची ए.ए.चे दुसरे संस्थापक डॉ. बॉब यांच्याशी गाठ पडली. त्यानं फोन केला. तुम्हीही करा.

आता डॉक्टर. सकाळी उठल्याउठल्या लागत असेल, न घेतल्यावर घाम फुटत असेल, हात थरथरत असतील, तर मनानेच एकदम बंद करू नका. पुढच्या दोन-तीन दिवसांत फिट येऊ शकते, भास होऊ शकतात, जिवावर बेतू शकतं. आधी डॉक्टरांना खरं प्रमाण सांगा, लाजून निम्मं करून सांगू नका. गरज पडली तर ॲडमिट व्हा. पुण्यात मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र 1986 पासून हेच काम करतंय; इतरत्र असाल तर 14446 या राष्ट्रीय हेल्पलाईनवर जवळचं केंद्र विचारा. मीटिंग हा दवाखाना नव्हे.

बायको किंवा भाऊ सोबत येणार असेल तर मीटिंग ओपन आहे की क्लोज्ड हे त्याच फोनवर विचारा. क्लोज्डमध्ये फक्त ज्याला दारू सोडायची आहे तोच बसतो. घरच्यांसाठी अल-ॲनॉन वेगळं असतं, त्यांनाही त्याची गरज आहे. मीटिंग मराठीत, हिंदीत की इंग्रजीत तेही विचारा. जिथे मनातलं बोलता येणार नाही तिथे पहिल्या दिवशी जाऊ नका. बायकांनी महिलांची वेगळी मीटिंग आहे का ते विचारावं.

फी नाही. कपडे कुठलेही. ऑफिस सहाला सुटत असेल आणि मीटिंग साडेसातला, तर मधल्या दीड तासाचं आधी ठरवा. नेहमीच्या अड्ड्यावरून जाणारा रस्ता नको. त्या दिवशी घेतली गेली असेल तरीही जा आणि शांत बसून ऐका.

आत गेल्यावर बोलायची सक्ती नाही, "आज फक्त ऐकतो" म्हटलं तरी चालतं. देवाचं नाव निघेल, त्यावर अडून बसू नका. ग्रुप पटला नाही तर दुसरा बघा. चहा घ्या. दोन-तीन जणांचे नंबर घ्या, उद्याची मीटिंग कुठे ते विचारा. आणि उद्या निघण्याआधी पुन्हा फोन करा.