प्रमाणित नसलेले हेडर आणि कोड वापरताना या चुका टाळा

एचटीटीपीचे (ब्राउझर आणि सर्व्हर यांच्यातील संवादाच्या नियमांचे) मानक सर्वांचे असते, परंतु प्रत्येक सर्व्हर, प्रॉक्सी (वाटेतला मध्यस्थ सर्व्हर) आणि सीडीएन (पाने वाचकाच्या जवळून पोहोचवणारे सर्व्हरांचे जाळे) त्यात स्वतःच्या सोयीची काही भर घालतो: कधी हेडर, म्हणजे मागणी किंवा उत्तरासोबत जाणारी माहितीची ओळ, तर कधी स्थिती-कोड, म्हणजे मागणीचे काय झाले हे सांगणारा तीन अंकी आकडा. ही भर वापरण्यास माझी हरकत नाही, मीही ती रोज वापरतो. मात्र ती कोणी आणि वाटेतल्या कुठल्या टप्प्यावर घातली, हे न पाहता वापरणारे नवे सहकारी मला वारंवार भेटतात आणि चुका त्याच असतात.

सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे मागणी कुठल्या पत्त्यावरून आली हे सांगणाऱ्या एक्स-फॉरवर्डेड-फॉर या हेडरमधला पहिला पत्ता खरा मानणे. हे हेडर स्क्विड या प्रॉक्सीच्या विकासकांनी आणले आणि पुढे सगळ्यांनी उचलले. त्याला पर्याय म्हणून २०१४ मध्ये आरएफसी ७२३९ ने (आरएफसी म्हणजे इंटरनेटच्या नियमांचा क्रमांकित दस्तऐवज) फॉरवर्डेड हे प्रमाणित हेडर दिले, तरी वापरात जुनेच राहिले. वाटेतला प्रत्येक प्रॉक्सी आपल्याशी जोडल्या गेलेल्या यंत्राचा पत्ता उजव्या टोकाला लिहितो, त्यामुळे डावीकडे काय असावे हे मागणी पाठवणारा स्वतः ठरवू शकतो.

पिंपळगाव बसवंतजवळच्या एका द्राक्ष निर्यातदाराचे काम माझ्याकडे होते. पेट्यांच्या नोंदी फक्त पॅकहाउसमधूनच बदलता याव्यात, म्हणून आधीच्या विकासकाने तिथल्या स्थिर आयपीची (न बदलणाऱ्या इंटरनेट पत्त्याची) अट घातली होती. ऐन मार्चमध्ये त्यांच्या हिशेबनीसांचा फोन आला, "सर, रात्री साडेअकराला इथे कुलूप होतं, मग ही नोंद कोणी बदलली?" प्रोग्रामच्या लॉगमध्ये पत्ता पॅकहाउसचाच होता. मी गंगापूर रोडवरच्या माझ्या घरून कर्ल या साधनाने मागणी पाठवली, हेडरमध्ये पॅकहाउसचा पत्ता हाताने लिहिला, आणि पान उघडले. लोड बॅलन्सरने (मागण्या सर्व्हरांमध्ये वाटून देणाऱ्या प्रॉक्सीने) पुढे पाठवलेल्या हेडरमध्ये स्वल्पविरामाने जोडलेले दोन पत्ते होते: डावीकडे मी लिहिलेला, उजवीकडे माझ्या घरचा. प्रोग्राम डावीकडचा वाचत होता. नोकरी सोडून गेलेल्या एका माणसाचा पासवर्डही कोणी बंद केलेला नव्हता.

तेव्हापासून सर्वांत बाहेरच्या यंत्रावर आलेले हे हेडर मी सरळ टाकून देतो आणि जोडल्या गेलेल्या यंत्राच्या पत्त्याने ते नव्याने लिहितो. बाहेरचे यंत्र आपल्या ताब्यात नसेल, तर आपल्या विश्वासातले प्रॉक्सी उजवीकडून मोजावेत. याला अर्धा तास लागतो. तो वाचवण्यासाठी कुठूनतरी उचललेली एक ओळ चिकटवणे मला मान्य नाही.

सीएसएसमध्ये (पानाचे रूप ठरवणाऱ्या भाषेत) गुणधर्माच्या नावाला केवळ वेबकिट या ब्राउझर इंजिनचा उपसर्ग लावून थांबू नये. याच सवयीमुळे २०१६ मध्ये फायरफॉक्सला दुसऱ्याचा उपसर्ग स्वीकारावा लागला. आपले पान दुसऱ्या कोणत्या पानात दाखवता येईल हे सांगणाऱ्या एक्स-फ्रेम-ऑप्शन्स या हेडरमधील अलाउ-फ्रॉम हा पर्याय क्रोमने कधीच मानला नाही, म्हणून त्याऐवजी सीएसपी या सुरक्षा-हेडरमधील फ्रेम-अँसेस्टर्स वापरावे. स्वतःच्या नव्या हेडरला एक्स लावू नये, हे आरएफसी ६६४८ ने २०१२ मध्येच सांगितले आहे.

स्थिती-कोडच्या बाबतीत घाई अधिक दिसते. एन्जिनएक्स या वेब सर्व्हरच्या लॉगमधला ४९९ हा ब्राउझरला कधीच मिळत नाही. उत्तर तयार होण्याआधी पलीकडच्याने जोडणी तोडली, एवढाच त्याचा अर्थ. तो दिसला की मी आधी पुढच्या लोड बॅलन्सरची वेळमर्यादा तपासतो, कारण बहुतेक वेळा ती आपल्या संथ क्वेरीपेक्षा कमी निघते. क्लाउडफ्लेअर या सीडीएनचा ५२४ त्याहून फसवा आहे. मूळ सर्व्हरशी जोडणी झाली, पण उत्तर वेळेत आले नाही, असे तो सांगतो. काम झाले नाही, असे सांगत नाही. अनोळखी ५२४ हा ५०० (सर्व्हरमधली सर्वसाधारण चूक) सारखा धरावा हे मानकाला धरूनच आहे, पण त्यावर आपोआप पुन्हा प्रयत्न करणारा प्रोग्राम पैसे भरण्याच्या मागणीला लावला, तर ग्राहकाचे पैसे दोनदा कापले जाऊ शकतात. म्हणून मी प्रत्येक व्यवहाराला आधीच एक क्रमांक देतो, ५२४ आल्यास त्या क्रमांकाची नोंद झाली का हे आधी विचारतो, आणि नसेल तरच त्याच क्रमांकाने मागणी पुन्हा पाठवतो.